मात्रा, मोजणी आणि गणिताचा सामायिक ग्रंथ

बारामती आणि इंदापूर ही नावे घेतली की वाचकांच्या डोळ्यांपुढे नीरेचे कालवे, उसाचे मळे आणि साखर कारखाने उभे राहतात. भीमा आणि नीरा या नद्यांच्या आसऱ्याने वसलेल्या या भूभागाचा गणिताच्या इतिहासाशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही मात्र याच दोन गावांपासून आरंभ करून वाचकांना एका वेगळ्याच विषयाकडे नेऊ इच्छितो. तो विषय म्हणजे उच्च गणिताचे असे संदर्भग्रंथ, जे कोणी एकटा पंडित लिहीत नाही. जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतील माणसे महाजालावर ते मिळून लिहितात, परस्परांच्या चुका दुरुस्त करतात आणि कोणालाही ते विनामूल्य वाचू देतात.

हा विषय आपल्या घरापासून दूरचा नाही. आपली कित्येक मुले दहावीपर्यंत गणित मराठीतून शिकतात. ‘निश्चयक’, ‘संच’, ‘बहुपदी’ हे शब्द त्यांच्या जिभेवर रुळलेले असतात. पुढे तीच मुले बारामतीच्या किंवा इंदापूरच्या महाविद्यालयात विज्ञानशाखेला जातात आणि एका जूनमध्ये ते सारे शब्द त्यांच्या हातून सुटतात. शिकवणीचे शुल्क परवडणारी मुले तरून जातात. बाकीची मुले आपल्याला गणित येत नाही, अशी समजूत करून घेतात. वास्तविक त्यांना गणित येत असते, पण हाताशी संदर्भग्रंथ नसतो. असा ग्रंथ कोण लिहितो, तो कोणाच्या मालकीचा असतो आणि त्यातील चूक कोण सुधारतो, हे प्रश्न म्हणूनच आम्हांला महत्त्वाचे वाटतात.

बारामतीच्या मात्रा

मोरोपंत पराडकर यांचा जन्म १७२९ साली पन्हाळगडावर झाला. पण त्यांचे कवित्व बहरले ते बारामतीस, कऱ्हेच्या काठी, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने. १७९४ साली तेथेच त्यांचे देहावसान झाले. आर्या आणि तिचीच बहीण असलेली गीती ही त्यांची आवडती वृत्ते. ही मात्रावृत्ते होत. लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन. आर्येच्या चार चरणांत अनुक्रमे १२, १८, १२ आणि १५ मात्रा असतात. गीतीत चौथा चरणही १८ मात्रांचा असतो.

या वृत्तांची घडण चार-चार मात्रांच्या गणांची. आता प्रश्न असा की, चार मात्रा किती प्रकारांनी भरता येतील? चारही लघू; दोन गुरू; किंवा एक गुरू व दोन लघू, त्यात गुरू आरंभी, मध्ये अथवा शेवटी. एकूण पाच प्रकार झाले. एका मात्रेसाठी एकच प्रकार, दोन मात्रांसाठी दोन, तीन मात्रांसाठी तीन, चार मात्रांसाठी पाच, पाच मात्रांसाठी आठ, सहा मात्रांसाठी तेरा. प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज आहे. याचे कारण सोपे आहे. शेवटचे अक्षर लघू असेल तर एक मात्रा कमी करून उरलेल्या जागेचे प्रकार मोजावेत, गुरू असेल तर दोन मात्रा कमी करून मोजावेत आणि दोहोंची बेरीज घ्यावी.

हा नियम विरहांक या छंदशास्त्रकाराला ठाऊक होता. पुढे गोपाळाने आणि इसवी सन ११५० च्या सुमारास आचार्य हेमचंद्राने तो मांडला. १२०२ साली इटलीतील लेओनार्दो फिबोनाची याने सशांच्या प्रजेचे उदाहरण देऊन तीच संख्यामाला युरोपास दिली आणि जगाने तिला त्याचेच नाव दिले. यात त्या बापड्याचा काही अपराध नव्हता. आपल्या छंदशास्त्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या परस्परांच्या ग्रंथांत भर घातली होती, तेही एक सहकार्यच होते. पण ते पोथ्यांत विखुरलेले राहिले. १९८५ साली परमानंद सिंग यांनी गणिताच्या इतिहासाला वाहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात या भारतीय परंपरेची सविस्तर मांडणी केली. आज या संख्यामालेविषयीच्या सामायिक संदर्भनोंदीत हेमचंद्रादिकांचे नावही वाचावयास मिळते. ज्ञान असणे ही एक गोष्ट आणि ते सर्वांना सापडेल अशा जागी नोंदलेले असणे ही दुसरी. बारामतीच्या पंतांच्या मात्रांतून आम्ही हा पहिला बोध घेतो.

इंदापूरची साखळी

दुसरा बोध इंदापूरचा आहे, आणि तो कडू आहे. पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रज सरकारने दख्खनच्या जमिनीवरील सारा ठरविण्यासाठी आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याकडे पाहणीचे काम सोपविले. प्रिंगल बुद्धिमान होता. जमिनीच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यावेत, असे त्याचे गणित होते. सूत्र नेटके होते; पण ते ज्या आकड्यांवर उभे होते ते हाताखालच्या माणसांनी कसेबसे, क्वचित लाच घेऊनही, भरलेले होते. ते तपासण्याची सोय नव्हती. १८३० च्या सुमारास हे दर लागू झाले आणि पुणे जिल्ह्याच्या या पूर्वभागात शेते ओसाड पडू लागली. रयत गाव सोडून जाऊ लागली.

मग १८३५ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यातूनच नव्या पाहणीस आरंभ केला. मुंबई इलाख्याच्या मोजणीपद्धतीचा पाया येथे घातला गेला. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळी लांब व साखळी रुंद तो गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. प्रत्येक शेताला हद्दीच्या खुणा आणि एक क्रमांक देण्यात आला. मोजणीदाराने मोजलेल्या शेतांपैकी काही शेते वरिष्ठ अधिकारी पुन्हा मोजून पाही. दर उतरले, तीस वर्षांसाठी कायम झाले आणि पडीक शेते पुन्हा नांगराखाली आली. ‘सर्व्हे नंबर’ हा शब्द आपल्या बोलीत शिरला तो या पद्धतीतून. मालक बदलला तरी नंबर जमिनीचाच राहतो, हे त्याचे मर्म. वाचकांनी हे मर्म ध्यानात ठेवावे. पुढे ते एका अनपेक्षित ठिकाणी भेटणार आहे.

परंतु या पद्धतीतही एक उणीव राहिली. पुन्हा मोजण्याचा अधिकार फक्त वरच्याला होता. ज्याचे शेत, त्याला नव्हता. तीस वर्षे संपल्यावर १८६७ साली इंदापुरात दर पुन्हा वाढविण्यात आले. शेजारच्या टापूतही तीच रीत आली. कापसाचे भाव पडले होते, सावकाराचे व्याज चढत होते. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, शेतकऱ्यांनी उठाव केला. त्यांचा रोख होता सावकारांच्या कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर. ज्या वहीत आपले नाव आहे, पण जी आपल्याला वाचता येत नाही आणि दुरुस्त करता येत नाही, ती वही माणसाला आपली वैरीण वाटते. संदर्भग्रंथाच्या बाबतीतही हेच खरे आहे. तो कितीही विद्वत्तापूर्ण असो, ज्यांच्यासाठी तो आहे त्यांना तपासता येत नसेल तर तो परकाच राहतो.

दोन भाषांचे दोन मित्र

मिळून लिहिण्याची आणखी एक गोष्ट ख्रिस्तसभेच्या इतिहासात आहे. रोम येथील येशूसंघीय महाविद्यालयात ख्रिस्तोफर क्लाव्हियुस हे गणिताचे अध्यापन करीत. १५८२ च्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा होता, आणि युक्लिडच्या भूमितीची त्यांनी १५७४ साली काढलेली लॅटिन आवृत्ती युरोपभर वाचली जाई. त्यांचे शिष्य फादर मात्तेओ रिची चीनमध्ये गेले. तेथे श्यू ग्वांगची या विद्वान अधिकाऱ्याशी त्यांची मैत्री झाली. १६०३ साली श्यू यांनी पॉल हे नाव घेऊन बाप्तिस्मा स्वीकारला. रिची लॅटिनवरून तोंडी अर्थ सांगत आणि श्यू तो अभिजात चिनी भाषेत उतरवीत. शब्द बसला नाही तर दोघे पुन्हा विचार करीत. १६०७ साली युक्लिडची पहिली सहा पुस्तके चिनी भाषेत प्रकाशित झाली. बिंदू, रेषा, पृष्ठ यांसाठी त्या दोघांनी रूढ केलेले कित्येक शब्द चीनमधील शाळांत आजही चालतात.

उरलेली पुस्तके तशीच राहिली. ती पूर्ण झाली तब्बल अडीचशे वर्षांनी, १८५७ च्या सुमारास, ॲलेक्झांडर वायली हा इंग्रज मिशनरी आणि ली शानलान हा चिनी गणिती या दुसऱ्या जोडीच्या हातून. पहिल्या जोडीने शब्द इतके चोख घडविले होते की दुसरीला तेथूनच पुढे जाता आले. सामायिक ग्रंथाचे काम असे असते. जो आरंभ करतो तो शेवट पाहील असे नाही. त्याने पुढच्याला हात घालता येईल अशी जागा ठेवावी, एवढे पुरे.

मराठीचा वाटा

मराठीत गणित लिहिण्याचा उद्योग तसा जुना आहे. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्विस यांनी मुंबईत शास्त्रीपंडितांचे साहाय्य घेऊन हटन यांच्या गणितग्रंथाचे मराठी रूपांतर सिद्ध केले. पण अनेकांनी मिळून सर्व विद्यांचा एक मोठा ग्रंथ उभारावा, ही कल्पना मराठीत साकार केली ती डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून १९११ साली डॉक्टरेट मिळवून ते परतले. १९१६ साली नागपुरात त्यांनी ज्ञानकोश मंडळ स्थापन केले, भागभांडवल विकून पैसा उभा केला, पुढे पुण्यास बिऱ्हाड हलविले आणि १९२० पासून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड वाचकांच्या हाती दिले. राजाश्रय नव्हता, हजारो वर्गणीदारांचा आश्रय होता. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे या जोडीने पुढे महाराष्ट्र शब्दकोश आणि १९४८ साली शास्त्रीय परिभाषा कोश दिला.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. आधी परिभाषासंग्रह आला आणि १९७६ साली पहिला खंड. या विश्वकोशात अवकलन, समाकलन, आव्यूह, गट सिद्धांत अशा विषयांवर मराठीतून लिहिलेले लेख आहेत आणि लेखाखाली लेखकाचे नाव आहे. कृष्णाकाठच्या एका लहानशा गावात बसून ही माणसे टपालाने लेख मागवीत, तपाशीत, परत पाठवीत. महाजाल येण्यापूर्वी मराठीत झालेले सहलेखन ते हेच. आज हे खंड महाजालावर विनामूल्य वाचता येतात आणि विषयवार ज्ञानमंडळांच्या द्वारे त्यांत नव्या नोंदींची भर पडत असते.

कार्डांच्या पेटीतून महाजालावर

ज्या कॉर्नेल विद्यापीठात केतकर शिकले, तेथेच अर्धशतकानंतर नील स्लोन नावाचा एक विद्यार्थी संशोधन करीत होता. १९६४ साली त्याला एक संख्यामाला भेटली आणि तिचा पुढचा पद कोणता, हे कोणत्याही पुस्तकात सापडेना. म्हणून त्याने संख्यामालांची कार्डे करून ठेवण्यास सुरुवात केली. १९७३ साली त्यांचे पुस्तक झाले. त्यात २३७२ माला होत्या. पुस्तक वाचून जगभरच्या वाचकांनी पत्रे पाठविली, नव्या माला कळविल्या, चुका दाखविल्या. १९९५ साली सायमन प्लूफ यांच्यासह काढलेल्या दुसऱ्या ग्रंथात ५४८७ माला झाल्या. कागदात हा संसार मावेना, तेव्हा १९९६ साली तो महाजालावर गेला. आज साडेतीन लाखांहून अधिक संख्यामाला तेथे नोंदलेल्या आहेत. नवी मालिका कोणीही सुचवावी, संपादकांनी तपासावी, मग ती कायमची नोंदली जावी, अशी रीत आहे. वर सांगितलेली मात्रांची मालिका तेथे ए ००००४५ या क्रमांकाखाली आहे.

अशा ग्रंथांच्या वाटेत एक खाचखळगाही आला. एरिक वाइसस्टाइन या अमेरिकन तरुणाने विद्यार्थिदशेपासून जमविलेल्या टिपणांचा गणितकोश महाजालावर ठेवला होता. असंख्य वाचकांनी त्यात सुधारणा सुचविल्या होत्या. १९९८ साली तो पुस्तकरूपाने निघाला आणि पुढे हक्कांविषयी प्रकाशनसंस्थेशी वाद होऊन प्रकरण न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००० मध्ये तो कोश बंद झाला आणि वर्षभराहून अधिक काळ बंदच राहिला. वाचकांना एकाएकी जाणवले की, आपण ज्या विहिरीत पाणी ओतले तिचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे. याच काळात व्हर्जिनियातील तरुणांनी ‘प्लॅनेटमॅथ’ नावाचा गणितकोश सुरू केला. त्याची अट अशी की, लिहिलेले सर्वांचे. कोणीही वापरावे, कोणीही सुधारावे, पण कोणी कुलूप लावू नये. जानेवारी २००१ मध्ये विकिपीडियाचा जन्म झाला तो याच तत्त्वावर. १ मे २००३ या महाराष्ट्रदिनी मराठी विकिपीडिया सुरू झाला. २००८ साली ‘प्रूफविकी’ आणि ‘एनलॅब’ हे उच्च गणिताचे सामायिक ग्रंथ निघाले. सोव्हिएत रशियात १९७७ ते १९८५ या काळात निघालेला पाच खंडांचा गणित विश्वकोशही पुढे इंग्रजीतून महाजालावर आला आणि आता गणिती त्यात सुधारणा करू शकतात.

या साऱ्यांत आम्हांला विशेष वाटतो तो ‘स्टॅक्स’ प्रकल्प. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील योहान द यॉंग यांनी बीजभूमितीचा एक ग्रंथ २००८ च्या सुमारास सर्वांपुढे उघडा ठेवला. आज त्याची पृष्ठे सात हजारांहून अधिक आहेत. त्यातील प्रत्येक प्रमेयाला चार अक्षरांची एक खूण आहे. ग्रंथ वाढला, प्रकरणे वरखाली झाली, पृष्ठांक बदलले, तरी ती खूण बदलत नाही. इंदापूरच्या सर्व्हे नंबराचे मर्म ते हेच. फरक एवढाच की, येथे पुन्हा मोजण्याचा अधिकार प्रत्येक वाचकाला आहे, आणि एखादी मुद्रणचूक दाखवून देणाऱ्याचेही नाव सहलेखकांच्या यादीत आदराने घातले जाते.

देवळालीचे मास्तर आणि पुण्याचे आचार्य

या जागतिक ग्रंथांत मराठी माणूस कोठे आहे? तो आहे, आणि दोन अगदी भिन्न रूपांत आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूस झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. गणितातील वरची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. आपले शोध ते स्वखर्चाने छापलेल्या लहान पुस्तिकांतून प्रसिद्ध करीत. विद्यापीठांतील अनेकांनी त्यांकडे करमणूक म्हणून पाहिले. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचे नवल सांगितले. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करीत जावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि मग तीच येत राहते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रथम छापले गेले ते वर्ष, १६१६, घेऊन पाहावे. ६६११ वजा ११६६ म्हणजे ५४४५. ५५४४ वजा ४४५५ म्हणजे १०८९. ९८१० वजा ०१८९ म्हणजे ९६२१. ९६२१ वजा १२६९ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. वाटेत भेटलेली १०८९ ही संख्या गुंठ्याच्या चौरस फुटांची आहे, हा मौजेचा योगायोग.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात कापरेकरांविषयी लिहिले आणि जगाचे लक्ष देवळालीकडे गेले. १९८६ साली मास्तर निवर्तले. त्या स्वखर्चाच्या पुस्तिका आज किती घरांत सापडतील? परंतु स्लोन यांच्या सामायिक ग्रंथात ए ००६८८६ या क्रमांकाखाली ‘कापरेकर संख्या’ आहेत: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. ए ००२४७७ या क्रमांकाखाली ‘डेम्लो संख्या’ आहेत: १, १२१, १२३२१. मुंबईजवळचे जे रेल्वे स्थानक आज आपण डोंबिवली म्हणून ओळखतो, त्याचे हे जुने नाव. गणितातील त्या नवलाला मास्तरांनी ते दिले. ज्यांना प्रतिष्ठितांच्या सभेत आसन मिळाले नाही, त्यांना या उघड्या ग्रंथात कायमचे घर मिळाले.

दुसरे डॉ. श्रीराम शंकर अभ्यंकर. त्यांचा जन्म १९३० साली उज्जैनला झाला. हार्वर्ड विद्यापीठात झारिस्की यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि पुढे पर्ड्यू विद्यापीठात आयुष्यभर अध्यापन केले. १९५७ साली त्यांनी मांडलेले एक अनुमान सिद्ध होण्यास १९९४ साल उजाडावे लागले. ते रेनो आणि हार्बेटर यांनी सिद्ध केले. एवढा मोठा गणिती, पण आपण शाळेतलेच बीजगणित करतो असे ते आवर्जून म्हणत. १९७६ साली त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. २०१२ साली त्यांचे निधन झाले. ‘स्टॅक्स’ ग्रंथात ‘अभ्यंकरांची प्रमेयिका’ आपल्या कायमच्या खुणेसह नांदते आहे. शाळामास्तर आणि आचार्य, दोघांनाही सामायिक ग्रंथाने एकाच पंक्तीला बसविले आहे.

शब्दांचे शेतमोजणे

एवढे असूनही मराठी वाचकाला या ग्रंथांच्या दारात थबकावे लागते, कारण ते बहुतांशी इंग्रजीत आहेत. मराठी विकिपीडियावरील लेखांची संख्या लाखाच्या आसपास गेली आहे. पण उच्च गणिताची पाने त्यात तुरळक आणि त्रोटक आहेत. याचे एक कारण परिभाषेत आहे. दहावीच्या पाठ्यपुस्तकात ज्याला ‘निश्चयक’ म्हणतात, त्यालाच विश्वकोशात ‘निर्धारक’ म्हणतात आणि हिंदी पुस्तकांत ‘सारणिक’. एकाच शेताला तीन नंबर पडले तर तंटा होणारच. २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘सत्तावीस’ऐवजी ‘वीस सात’ अशा वाचनाचा पर्याय आला, तेव्हा केवढे वादळ उठले, हे वाचकांना स्मरत असेल. डॉ. मंगला नारळीकर यांच्यासारख्या व्रतस्थ अध्यापिकेने त्यामागचा विचार शांतपणे समजावून सांगितला. आम्हांला त्या वादाचा विषाद वाटत नाही. गणिताचा शब्द ही आपली मिळकत आहे, असे लोकांना वाटले म्हणूनच ते भांडले. खंत एवढीच की, ज्या उत्साहाने आपण ‘सत्तावीस’साठी भांडलो, त्या उत्साहाने ‘निश्चयक’ म्हणजे काय, याचे चांगले पान लिहावयास फारसे कोणी बसले नाही.

सामायिक ग्रंथात यावर उपाय आहे. एका पानावर तिन्ही शब्द द्यावेत, कोणता कोठे वापरतात ते नोंदवावे आणि व्याख्या एकच ठेवावी. पुढचा वाचक त्यात उदाहरण घालील, त्याच्या पुढचा चूक काढील. गणितात या रीतीचे एक सुख असते. इतिहासाच्या किंवा राजकारणाच्या पानावर मतभेद मिटत नाहीत. पण सिद्धतेतील पायरी चुकली असेल तर ती चुकलेलीच असते. मग दाखविणारा बारामतीचा विद्यार्थी असो वा पॅरिसचा प्राध्यापक. आता तर सिद्धतेची पायरीन्‌पायरी संगणकाकडून तपासून घेणारे सामायिक ग्रंथही होत आहेत. २०१७ पासून वाढत असलेला ‘मॅथलिब’ हा त्यांपैकी एक. यंत्र तपासील, परंतु काय लिहावे, कोणासाठी लिहावे आणि कोणत्या भाषेत लिहावे, हे माणसांनाच ठरवावे लागणार.

आपल्या अंगणात

बारामतीस १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले. आज बारामती आणि इंदापूर या दोन्ही ठिकाणी मुले पदवीपर्यंतचे गणित आपल्या गावात राहून शिकू शकतात. मोरोपंतांच्या काळी हे अकल्पनीय होते. वर्गात बसण्याची सोय झाली; वर्गातून घरी आल्यावर रात्री उघडून पाहावा असा मराठी संदर्भग्रंथ मात्र अजून अर्धाच आहे.

आपल्या धर्मग्रामांत शिक्षक आहेत, निवृत्त प्राध्यापक आहेत, अभियांत्रिकीची मुले आहेत. गावजेवणासाठी आपण घरोघरून शिधा गोळा करतो. कोणी तांदूळ देतो, कोणी नारळ, आणि ज्याच्यापाशी काही नसते तो पाणी भरतो. गणिताचा सामायिक ग्रंथ याहून वेगळा नाही. ज्याला प्रमेय येते त्याने प्रमेय लिहावे. ज्याला मराठी चांगले येते त्याने वाक्य सुधारावे. जो नुकताच बारावीत गेला आहे त्याने आपल्याला कोठे कळले नाही ते सांगावे. या तिसऱ्याचे काम सर्वांत मोलाचे आहे, कारण चूक त्यालाच प्रथम टोचते. एका कुटुंबाने वर्षभरात एक पान नीट केले तरी ते पान पुढच्या जूनमध्ये कोणा मुलीच्या उपयोगी पडेल.

सुप्याच्या शेतकऱ्यांना ज्या वह्या दुरुस्त करता आल्या नाहीत, त्या त्यांनी जाळल्या. आपल्या मुलांच्या हाती सुदैवाने अशी वही आली आहे की, तीत जो वाचतो त्याला लिहिण्याचाही अधिकार आहे. मराठीतील तिची बहुतेक पाने अद्याप कोरी आहेत.